दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस

माघ सरत आला की वसमत तालुक्यातील आमच्या हट्टा गावच्या शिवारात हळदीच्या कढया पेटतात, उकडलेल्या हळकुंडांचा उग्र वास रात्रभर वाऱ्यावर राहतो, आणि हरभरा निघून मोकळ्या झालेल्या एखाद्या रानात गावची पोरे ढेकळे फोडून, पाणी शिंपडून, टेनिसच्या चेंडूला पुरेल एवढी खेळपट्टी स्वतःच्या हातांनी तयार करतात. अशाच एका संध्याकाळी, खेळ संपल्यावर, बांधावर बसलेल्या एका मुलाने मोबाइलच्या पडद्यावर मला अमेरिकेतील बेसबॉलचा एक सामना दाखविला. खेळ ऐन रंगात असताना एक पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला गृहस्थ, खेळाडूंचाच गणवेश अंगावर घालून, कसलीही घाई न करता मैदानाच्या मध्यभागी चालत गेला. चेंडू टाकणाऱ्या तरुणापुढे त्याने हात पसरला. आणि तो धिप्पाड तरुण मुकाट्याने चेंडू त्याच्या हवाली करून मैदानाबाहेर निघून गेला. "गुरुजी, हा म्हातारा कोण हो?" मुलाने विचारले, "खेळत तर न्हाई, मग ह्याचं कसं ऐकतेत सगळे?" प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी त्या परक्या मैदानावरून निघून थेट आपल्या मराठी मुलखातील तीन माणसांपाशी येऊन पोहोचलो, आणि त्यांची हकीकत सांगितल्यावाचून मला ते उत्तर पुरते करता येणार नाही.

त्या गृहस्थाला बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे मॅनेजर म्हटला की डोळ्यांपुढे बँकेतला किंवा साखर कारखान्यातला अधिकारी उभा राहतो. क्रिकेटच्या जुन्या शिरस्त्यातही मॅनेजर म्हणजे संघाबरोबर परदेशी जाऊन हॉटेलांची बिले चुकती करणारा, सामानाची मोजदाद ठेवणारा आणि यजमानांच्या मेजवानीत दोन शब्द बोलणारा प्रतिष्ठित गृहस्थ असे. बेसबॉलमध्ये मात्र सामन्याचा सगळा अंमल या एका माणसाच्या हाती असतो: चेंडू कोणी टाकावा, फलंदाजीचा क्रम कसा असावा, कोणाला केव्हा बदलावे, हे त्याने ठरवायचे आणि प्रशिक्षक म्हणविणाऱ्यांनी त्याच्या हाताखाली काम करायचे. क्रिकेटमध्ये हेच अधिकार कर्णधाराकडे असतात, आणि कर्णधार स्वतः उन्हात उभा असतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. कारण आपल्याकडे खेळाडूचा प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याला हुकूम सोडण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता, तो त्याला दुसऱ्याच एका वाटेने मिळवावा लागला.

बेसबॉलच्या इतिहासात कॉनी मॅक नावाचा एक पुरुष होऊन गेला. १९०१ पासून १९५० पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास हंगाम, तो फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या एकाच संघाचा मॅनेजर होता, आणि इतर मॅनेजर गणवेश घालीत असता हा मात्र साधा सूट व टाय घालून बाकावर बसे आणि हातातील धावफलकाचा कागद हलवून दूरच्या क्षेत्ररक्षकांना इकडे सरका, तिकडे सरका असे सांगे. ३,७३१ विजय त्याच्या नावावर आहेत. पराभव त्याहूनही अधिक आहेत, आणि ही गोष्ट मला विजयांच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते. तरुणपणी तो कॅचर होता. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजाच्या मागे बसणारा गडी; बाकीच्या सर्वांची तोंडे त्याच्याकडे असतात आणि सगळे मैदान एकाच दृष्टिक्षेपात सामोरे दिसते ते त्याला एकट्याला. पुढे जो माणूस संघ चालविणार, त्याची नजर अशा ठिकाणी बसून तयार व्हावी, हे मला योगायोगाहून अधिक काही वाटते.

आता आपल्याकडे येऊ. ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातला पहिलावहिला कसोटी सामना खेळला गेला. देशाच्या फाळणीला पाच वर्षे झाली होती, निजामाचे राज्य संपून चार, आणि आमचे हट्टा त्या वेळी हैदराबाद राज्यातल्या परभणी जिल्ह्यात मोडत होते. भारताचे नऊ गडी २६३ धावांवर बाद झाले तेव्हा एका टोकाला हेमू अधिकारी खेळत होते आणि दुसऱ्या टोकाला अकरावा फलंदाज म्हणून आले गुलाम अहमद; हैदराबादचे, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने आमच्याच राज्याचे, उंचेपुरे, ऑफस्पिन गोलंदाजीत नामांकित, आणि फलंदाजीविषयी ज्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवू नये असे. अशा वेळी बहुतेक फलंदाज दोन मार्गांपैकी एक धरतात: एक तर समोरचा आता टिकत नाही असे मनाशी ठरवून आपण चार फटके मारून मोकळे होतात, नाही तर समोरच्याला एकही चेंडू खेळू न देण्याची धडपड करीत स्वतःच थकून बाद होतात. या दोघांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागीदारी केली. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले आणि गुलाम अहमद यांनी पन्नास धावा काढल्या. भारताचा डाव ३७२ वर संपला, विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले आणि भारताने तो सामना एक डाव व ७० धावांनी जिंकला. शेवटच्या गड्याच्या भागीदारीचा तो भारतीय विक्रम पुढे बावन्न वर्षे टिकला. २००४ साली ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला.

मी हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगितला तो विक्रमासाठी नव्हे. अकराव्या फलंदाजाला पन्नास धावांपर्यंत नेणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला दर षटकानंतर दोन पावले पुढे येऊन समोरच्याच्या मनाचा ठाव घ्यावा लागतो. त्याच्या अंगात कोणता फटका आहे आणि कोणता नाही हे ओळखावे लागते. जो फटका त्याच्यापाशी नाही तो मारण्याचा मोह त्याला होऊ न देता, जो आहे त्याच्यावरच त्याची भिस्त बसवावी लागते. आणि हे सगळे करीत असता आपल्या डावाचीही राखण करावी लागते. प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे नसते. फरक इतकाच, की त्याच्या हाती बॅट उरलेली नसते.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्याचा. गुजरात, बडोदा आणि सेनादल यांच्याकडून ते रणजी सामने खेळले. ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली, त्यामुळे पहिला कसोटी सामना त्यांना मिळाला तो १९४७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, अठ्ठाविसाव्या वर्षी. आणि पुढेही लष्करी नोकरीमुळे सामने तुटक तुटकच वाट्याला आले. २१ कसोटी, ८७२ धावा, एक शतक. ही कारकीर्द कोणी थोर म्हणणार नाही. परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली सेनादलाचा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन हंगामांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. ज्या संघात ख्यातनाम खेळाडूंचा सुकाळ कधीच नव्हता अशा संघाने हे करून दाखविले. मग १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला आणि भारतीय क्रिकेटच्या कारभाराची त्या मोसमात अशी काही दैना उडाली, की पाच कसोटींना चार कर्णधार झाले: उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि शेवटी धर्मशाळेला लष्करी कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल अधिकारी. तीन सामने हातचे गेलेले, संघाचे मन मोडलेले. दिल्लीच्या त्या अखेरच्या कसोटीत अधिकारींनी ६३ आणि ४० धावा काढल्या, स्वतः गोलंदाजी करून तीन गडी बाद केले, आणि सामना अनिर्णित राखला. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. वय एकोणचाळीस होते.

त्यांची खरी कारकीर्द तेथून सुरू झाली, असे माझे मत आहे. तरुण खेळाडूंच्या शिबिरांत त्यांनी जी शिस्त लावली तिच्या आठवणी सुनील गावस्करांपासून कपिल देवांपर्यंतच्या पिढ्यांशी जोडलेल्या आहेत. भारतीय क्रिकेटची जुनी खोड अशी, की क्षेत्ररक्षण हे फलंदाजी-गोलंदाजीच्या मधल्या वेळात उरकायचे काम समजले जाई. झेल सुटला तर नशीब आणि पकडला तर चमत्कार. लष्करात कवायत शिकविलेल्या आणि स्वतः कव्हरला उत्तम क्षेत्ररक्षण केलेल्या अधिकारींना हे मान्य होणे शक्य नव्हते. १९७१ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर संघाचे मॅनेजर म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांनी बिले चुकती करण्यापेक्षा खेळाडूंना पळविण्यावर आणि झेल घ्यायला लावण्यावर अधिक भर दिला.

त्या संघाचे कर्णधार होते अजित वाडेकर. वाडेकरांची कथा निराळ्या वळणाची आहे. १ एप्रिल १९४१ चा जन्म, मुंबईचा. अभियंता व्हावे या इराद्याने एल्फिन्स्टन महाविद्यालयात शास्त्र शाखेत शिकत असता, बसने जाता-येता ओळख झालेल्या बाळू गुप्ते यांनी कॉलेजच्या संघात बारावा गडी कमी आहे, दिवसाला तीन रुपये भत्ता मिळेल, येतोस का म्हणून विचारले, आणि हा मुलगा गेला, अशी हकीकत सांगतात. म्हणजे ज्याने पुढे देशाचे नेतृत्व केले तो पहिल्याप्रथम मैदानात उतरला तो इतरांना पाणी नेऊन देण्यासाठी. पुढे स्टेट बँकेची नोकरी, मुंबईसाठी धावांच्या राशी, १९६८ मध्ये वेलिंग्टनला १४३ धावांचे एकुलते एक कसोटी शतक. आणि १९७१ च्या आरंभी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी कर्णधारपद.

वेस्ट इंडीजमधल्या पहिल्याच कसोटीतील एक बारकावा येथे सांगण्याजोगा आहे. किंग्स्टनला पहिला दिवस पावसाने पुरता वाया गेला. पाच दिवसांच्या सामन्यात प्रतिपक्षाला लागोपाठ दुसऱ्यांदा खेळावयास लावायचे, म्हणजे फॉलोऑन द्यायचा, तर दोनशे धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस वाया गेला की सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग दीडशे धावाही पुरतात. दिलीप सरदेसाई यांच्या २१२ धावांच्या बळावर भारताने ३८७ केल्या, वेस्ट इंडीज २१७ मध्ये आटोपले, आघाडी झाली १७०. आणि वाडेकरांनी गॅरी सोबर्स यांना तुम्हीच पुन्हा खेळा म्हणून कळविले. सामना अनिर्णित राहिला, पण प्रतिपक्षाच्या मनात जो पेच बसला तो सुटला नाही. पुढचीच कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने जिंकली, वेस्ट इंडीजवरचा तो भारताचा पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही त्याच एका विजयावर पदरात पडली. नियमांचे पुस्तक ज्याने वाचले आहे त्याच्या हाती ऐन वेळी कसे हत्यार येते, हे मी आमच्या मुलांना नेहमी सांगतो.

मग इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित, आणि तिसरी ओव्हलवर. इंग्लंड ३५५, भारत २८४, आणि मग चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळले. आकडे सगळ्यांना पाठ असतात. मला आठवतो तो अ‍ॅलन नॉट यांचा झेल. व्यंकटराघवन यांच्या चेंडूवर नॉट पुढे झुकले, चेंडू बॅटला लागून जमिनीपासून वितभर अंतरावर आला, आणि फलंदाजापासून हातभर अंतरावर उभे असलेले एकनाथ सोलकर पुढे झेपावून, पोटावर पडता पडता, तो टिपून मोकळे झाले. त्या झेलाचे छायाचित्र आजही पाहावे: नॉट वळून पाहत आहेत, आणि सोलकर जमिनीवर पसरलेले आहेत. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची राखण करणाऱ्याचा हा मुलगा. त्याने सत्तावीस कसोटींत त्रेपन्न झेल घेतले. हे हात उपजतच चपळ होते, यात शंका नाही. परंतु वाडेकर, आबिद अली, व्यंकटराघवन आणि सोलकर यांचे जे कडे फिरकी गोलंदाजांभोवती त्या वर्षी उभे राहिले, ते सकाळच्या दंवात कर्नलसाहेबांनी घेतलेल्या शेकडो झेलांच्या कवायतीवाचून तसे उभे राहिले नसते.

विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. २४ ऑगस्ट, शेवटचा दिवस; त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि लंडनमधल्या भारतीयांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर मिरविली होती. सकाळीच वाडेकर ४५ धावांवर धावबाद झाले. बाकी राहिलेल्या धावा इतरांना काढायच्या होत्या. कर्णधार पॅव्हेलियनमध्ये परतला, आणि झोपी गेला. विजय मिळाल्याची वार्ता इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्याला जागे करून सांगितली. आबिद अलींनी, पुन्हा हैदराबादच्याच, चौकार मारून सामना संपविला होता. या झोपेला कोणी बेफिकिरी म्हणतात. मला ती संघावरच्या विश्वासाची परिसीमा वाटते: आपले काम संपले, आता दुसऱ्या टोकावरच्यांचे सुरू झाले, हे ज्याला अंतःकरणापासून पटले आहे तोच असा झोपू शकतो.

तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, तेच अधिकारी मॅनेजर, तेच वाडेकर कर्णधार, तोच इंग्लंड देश. आणि तिन्ही कसोटींत पराभव, लॉर्ड्सवर तर अवघ्या ४२ धावांत डाव संपला. वाडेकर त्यानंतर कसोटी क्रिकेट खेळले नाहीत. खेळाडूच्या आयुष्यातील हा कडवट अध्याय मी गाळणार नाही, कारण पुढे अठरा वर्षांनी भारतीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा विजय आणि नामुष्की ही दोन्ही टोके स्वतः अनुभवलेला माणूस खेळाडूंच्या खोलीत बसलेला होता. १९९२ ते १९९६ या काळात महंमद अझरुद्दीन कर्णधार आणि वाडेकर मॅनेजर अशी जोडी जमली. मॅनेजर हा शब्द तोच, पण आता त्यात हिशेबाच्या वहीपेक्षा डावपेचांचे दफ्तर अधिक होते. १९९३ च्या आरंभी इंग्लंडचा संघ आला तेव्हा वाडेकरांनी १९७१ चाच धडा गिरविला: अनिल कुंबळे, व्यंकटपती राजू आणि राजेश चौहान असे तीन फिरकी गोलंदाज एकदम खेळविले आणि तिन्ही कसोटी जिंकल्या, त्यांपैकी दोन डावाने. कुंबळेंनी एकवीस बळी घेतले.

आणखी एक निर्णय असा, की त्याचे मोल पुढे वर्षानुवर्षे कळत राहिले. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडच्या एकदिवसीय सामन्याआधी सलामीवीर नवज्योतसिंग सिद्धूंची मान आखडली. मधल्या फळीत खेळणाऱ्या वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरने मला सलामीला जाऊ द्या, एकदाच, साधले नाही तर पुन्हा मागणार नाही, अशी कर्णधाराला आणि वाडेकरांना गळ घातली. दोघांनी मुभा दिली. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. एकदिवसीय क्रिकेटमधले त्याचे पहिले शतकही त्याच वर्षी सलामीलाच आले. येथे वाडेकरांनी काही शिकविले नाही. त्यांनी नाही म्हटले नाही, एवढेच केले. प्रशिक्षकाच्या हातून घडणारी कित्येक मोठी कामे या स्वरूपाची असतात. १९९६ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्याने त्या पर्वाची अखेर दुःखद झाली. पुढे वाडेकर निवड समितीचेही अध्यक्ष झाले. कर्णधार, मॅनेजर आणि निवड समितीचा अध्यक्ष ही तिन्ही पदे भूषविणारे लोक भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

तिसरे नाव चंद्रकांत पंडित यांचे. ते रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. आणि आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचा अवघा एक सामना खेळले, तोही हैदराबादला मोईनउद्दौला चषकात. पंडित यष्टिरक्षक, पाच कसोटी आणि छत्तीस एकदिवसीय सामने. उतरत्या काळात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार झाले, आणि १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर, पहिल्या डावात आघाडी मिळवूनही, कर्नाटकाकडून हरले. नंतर प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळवून दिला; ज्या विदर्भाने तो कधीच जिंकला नव्हता त्याला २०१७-१८ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षीही मिळवून दिला; आणि अखेर मध्य प्रदेशाकडे परतले. २६ जून २०२२ रोजी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, तेवीस वर्षांनी, त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरविले. पंडित कठोर म्हणून प्रसिद्ध आहेत, वेळेच्या बाबतीत कोणाची गय न करणारे. पण त्या दिवशी मैदानावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. यष्टींमागे बसून सगळे मैदान सामोरे पाहिलेला हा माणूस मला कॉनी मॅकच्या कुळातला वाटतो.

बांधावरच्या त्या मुलाला मी एवढे सगळे सांगितले नाही. इतकेच म्हणालो, की तो म्हातारा पूर्वी खेळलेला आहे, हरलेला आहे, आणि पोरांना ते ठाऊक आहे, म्हणून ऐकतात. हे लिहिताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच गावची, आणि हट्ट्यासारख्या शेकडो गावांची, ती माणसे आहेत जी कधीकाळी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघातून खेळली, कबड्डीत किंवा खो-खोत ज्यांचे नाव झाले, आणि तिशी उलटताच जी मैदानाकडे फिरकेनाशी झाली. त्यांना माझी विनंती आहे. हळदीचे काम उरकले की संध्याकाळी तासभर रानात या. पोरांना फलंदाजी शिकवू नका हवे तर. पण जो शेवटी खेळायला येतो, ज्याच्याकडून कोणाला काही अपेक्षा नसते, त्याच्या समोरच्या टोकाला जाऊन उभे राहा.